तालुक्याचं स्टेडियम आणि महसुली कर्जरोखे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत स्टेडियमची मागणी जुनी आहे. निवडणूक आली की ती जाहीरनाम्यात चढते. अलीकडे तिच्या जोडीला आणखी एक वाक्य ऐकू येतं: "नगर परिषद बाँड काढेल, स्टेडियम आपल्या कमाईतून कर्ज फेडेल, जनतेवर एका रुपयाचा बोजा नाही." मी नगर परिषदांचे अर्थसंकल्प आणि लेखापरीक्षणाचे अहवाल आवडीने वाचतो, आणि प्रत्येक तालुक्याला चांगलं मैदान मिळावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हे वाक्य तपासून घ्यावं असं वाटलं. ओळखीच्या लोकांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे गणित आहे तिथे गृहीत धरलेले आकडे सांगितले आहेत. तुमच्या गावाचे आकडे घालून ते पुन्हा मांडून बघा.

महसुली कर्जरोखा म्हणजे नेमकं काय?

नगर परिषद किंवा महापालिका बँकांकडून, विमा कंपन्यांकडून, कधी सामान्य माणसांकडूनही ठरावीक मुदतीसाठी पैसे घेते. त्यावर ठरलेलं व्याज देते आणि मुदतीत मुद्दल परत करते. हा झाला कर्जरोखा, म्हणजेच बाँड. महसुली रोख्यात फेडीचा पैसा कुठून येणार हे आधीच बांधलेलं असतं: ज्या कामासाठी कर्ज काढलं, त्याच कामाच्या उत्पन्नातून. विहिरीसाठी काढलेलं कर्ज त्याच विहिरीच्या पाण्यावर आलेल्या पिकातून फेडायचं, घरातल्या दागिन्यांना हात लावायचा नाही, असा हा करार. स्टेडियमच्या बाबतीत हे उत्पन्न म्हणजे तिकिटं, मैदानाचं भाडं, गाळे, पार्किंग, जाहिरातींचे फलक आणि नाव देण्याचे हक्क.

हा पैसा एस्क्रो नावाच्या वेगळ्या बँक खात्यात जमा होतो. आधी रोखेधारकांचा हप्ता निघतो, उरलं तर नगर परिषदेला मिळतं. या खात्यातला पैसा मुख्याधिकाऱ्यांना किंवा अध्यक्षांना परस्पर दुसरीकडे वळवता येत नाही.

आणि दुसऱ्या प्रकारचे रोखे?

त्यात संस्थेचं सगळंच उत्पन्न फेडीला बांधलेलं असतं: मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजाराची वसुली, सगळं. गुंतवणूकदाराला हे जास्त सुरक्षित वाटतं. नागरिकाने मात्र जास्त सावध असायला हवं.

आमच्या नगर परिषदेला असे रोखे काढता येतात का? ग्रामपंचायतीला?

नगर पंचायत, नगर परिषद आणि महानगरपालिका यांना काढता येतात. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने 2015 साली महापालिका-नगरपालिकांच्या कर्जरोख्यांसाठी स्वतंत्र नियमावली आणली. शेअर बाजारात नोंदवलेले रोखे काढायचे तर ती पाळावी लागते. ग्रामपंचायत त्या नियमावलीत बसत नाही. शिवाय स्थानिक संस्थांनी कर्ज काढण्यासाठी राज्य सरकारची मंजुरी लागते. त्यासाठी 1914 चा स्थानिक प्राधिकरण कर्ज कायदा आजही आधाराला घेतला जातो.

नियमावलीतल्या अटी वाचल्या की चित्र स्पष्ट होतं. हिशेब दुहेरी नोंद पद्धतीने ठेवलेले असावेत. बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं कर्ज गेल्या 365 दिवसांत थकलेलं नसावं. कर्ज फेडायची ऐपत तपासणाऱ्या पतमानांकन संस्थेकडून मानांकन घ्यावं लागतं. आणि महसुली रोख्यांसाठी प्रकल्पाच्या खर्चातला किमान 20 टक्के वाटा संस्थेने स्वतःच्या निधीतून किंवा अनुदानातून घालायचा असतो. म्हणजे 50 कोटींचं स्टेडियम असेल तर 10 कोटी आधी हातात हवेत. क वर्ग म्हणजे लहान गावाच्या नगर परिषदेत, जिथे मालमत्ता कराची वसुली मार्च महिन्यात दवंडी आणि जप्तीच्या नोटिशींवर चालते, तिथे हे 10 कोटी कुठून येणार हा पहिला प्रश्न. रोख्यांचा प्रश्न त्यानंतरचा.

भारतात आजवर असे रोखे कोणी काढले?

1997 साली बंगळूरू महापालिकेने राज्य सरकारच्या हमीवर 125 कोटींचे रोखे काढले. पुढच्याच वर्षी अहमदाबादने सरकारी हमीशिवाय 100 कोटी उभे केले. फेडीसाठी जकात नाक्यांचं उत्पन्न वेगळ्या खात्यात बांधून दिलं होतं. आपल्या नागपूर महापालिकेनेही 2001 साली पाणीपुरवठ्यासाठी 50 कोटींचे रोखे काढले, हे विदर्भातल्या फार थोड्या लोकांना आठवतं. 2017 मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी 7.59 टक्के व्याजाने 200 कोटी घेतले. 2023 मध्ये इंदूरने सौरऊर्जा प्रकल्पासाठी 244 कोटींचे रोखे थेट जनतेसाठी खुले केले.

ही नावं एकदा पुन्हा वाचा. सगळ्या मोठ्या महापालिका आहेत. पैसा बहुतेक ठिकाणी पाण्यासाठी आणि विजेसाठी आहे. या गोष्टी नागरिक रोज वापरतात आणि त्यांचं बिल दर महिन्याला किंवा दर वर्षाला ठरलेलं असतं. अहमदाबादला जकात नाक्यांचा पैसा बांधता आला, कारण तो आधीच येत होता. स्टेडियमचं उत्पन्न मात्र स्टेडियम बांधून झाल्यावर सुरू होतं, तेही आलं तर.

पण अमेरिकेत तर स्टेडियम असेच उभे राहतात ना?

उभे राहतात. पण फेडीचा पैसा बहुतेक वेळा तिकिटांतून येत नाही, आणि ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जात नाही.

1986 साली अमेरिकेत करकायदा बदलला. करमुक्त रोख्यांतून बांधलेलं स्टेडियम जर मुख्यतः खासगी संघाच्या वापरासाठी असेल, तर त्या वापरातून येणाऱ्या पैशातून हप्त्याचा 10 टक्क्यांहून जास्त भाग फेडता येणार नाही, अशी अट आली. हेतू असा होता की संघमालकांसाठी शहरांनी सवलतीचं कर्ज काढू नये. झालं उलटंच. शहरांनी कर्ज काढणं चालूच ठेवलं, फक्त फेड विक्रीकर, हॉटेल कर, गाडी भाड्याने घेण्यावरचा कर यांतून केली. रोख्याच्या नावात 'महसूल' असतो, पण तो महसूल भलतीकडचा असतो. लास वेगासमध्ये 2020 साली उघडलेल्या स्टेडियमसाठी 75 कोटी डॉलर हॉटेलच्या खोल्यांवरच्या करावर उभे केले गेले. तिथे वर्षाला कोट्यवधी पर्यटक येतात. आपल्या तालुक्याच्या गावात दोन लॉज आणि एक सरकारी विश्रामगृह असतं.

वाईट अनुभवही आहेत. ओहायो राज्यातल्या हॅमिल्टन काउंटीने 1996 मध्ये मतदान घेऊन विक्रीकर अर्धा टक्का वाढवला आणि दोन स्टेडियम बांधले. घरमालकांना मालमत्ता करात सवलत देण्याचं आश्वासन होतं. कराचा पैसा अंदाजापेक्षा कमी आला, सवलत कापावी लागली, आणि पुढे काउंटीने आपलं एक सार्वजनिक रुग्णालयही विकलं. सिएटलचं किंगडोम स्टेडियम 2000 साली सुरुंग लावून पाडलं. त्याचं कर्ज फिटलं 2015 साली. मधली पंधरा वर्षं लोक अस्तित्वात नसलेल्या इमारतीचे हप्ते भरत होते.

चांगलं उदाहरणही सांगायला हवं. ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं शहर. तिथला फुटबॉल संघ कुणा एका मालकाचा नाही, लाखो भागधारकांचा आहे. स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी 2000 साली मतदान झालं, अर्धा टक्का विक्रीकर लागला आणि कर्ज फिटल्यावर 2015 मध्ये तो बंद झाला. लोकांना आधी विचारलं, कर उघडपणे सांगितला आणि संघ गाव सोडून जाणार नाही याची खात्री होती. तरीही लक्षात घ्या, पैसा करातूनच आला.

आमच्या गावाचं गणित मांडून दाखवाल का?

हो, आणि या पानावरचा हा भाग नीट वाचा.

समजा 50 कोटींचं स्टेडियम, त्यातले 10 कोटी अनुदान आणि स्वनिधीतून, 40 कोटींचे रोखे. व्याज साडेआठ टक्के, मुदत 15 वर्षं, दर वर्षी समान हप्ता. हप्ता येतो सुमारे 4 कोटी 82 लाख. पंधरा वर्षांत एकूण फेड 72 कोटींच्या वर.

आता उत्पन्न. मी मुद्दाम सढळ हाताने धरतो.

गाळे 40, प्रत्येकी महिना 5,000 रुपये: वर्षाला 24 लाख. कबड्डी, व्हॉलीबॉल, टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचे 20 दिवस, रोज 3,000 प्रेक्षक, 50 रुपये तिकीट: 30 लाख. सभा, लग्न, प्रदर्शन यांसाठी 40 दिवस मैदान भाड्याने, दिवसाला 40,000: 16 लाख. भरतीची तयारी करणारी 300 मुलं, महिना 300 रुपये: 10 लाख 80 हजार. एकूण 80 लाख 80 हजार.

खर्च: चौकीदार, माळी, सफाई, पाणी, डागडुजी, आणि महावितरणचं बिल. मोठे दिवे लावले की मंजूर भाराप्रमाणे स्थिर आकार दर महिन्याला येतो, दिवे एकदाही पेटले नाहीत तरी. सगळं मिळून 35 लाख धरू. उरले 45 लाख 80 हजार.

हप्ता 4 कोटी 82 लाख. हातात 46 लाखही नाहीत. दहा टक्क्यांच्याही आत.

उलट्या बाजूने विचारू: या उत्पन्नावर किती कर्ज पेलेल? शहाणा गुंतवणूकदार निव्वळ उत्पन्न हप्त्याच्या किमान दीडपट मागेल. त्या हिशेबाने 30 लाखांचा हप्ता झेपतो, म्हणजे अडीच कोटींचं कर्ज. चाळीस कोटींचं नाही.

आणि फक्त तिकिटांवर 4 कोटी 82 लाख काढायचे ठरवले तर 50 रुपयांची साडेनऊ लाखांहून जास्त तिकिटं दर वर्षी विकावी लागतील. रोज 5,000 माणसं, वर्षाचे 190 हून जास्त दिवस. आपल्याकडे एप्रिल ते जून दिवसा मैदानावर उभं राहवत नाही, जून ते सप्टेंबर पाऊस, सोयाबीन-कापसाच्या हंगामात गाव शेतात. एवढे दिवस आणायचे कुठून?

आयपीएलचा किंवा रणजीचा सामना मिळाला तर?

वर्धा रोडवरच्या जामठ्याचं स्टेडियम 2008 पासून आहे. सुमारे 45,000 प्रेक्षकांचं, विमानतळाजवळ, मोठ्या हॉटेलांच्या शहरात. ते विदर्भ क्रिकेट असोसिएशनने बांधलं. तिथेही आंतरराष्ट्रीय सामने वर्षाला मोजकेच होतात, कारण नियामक मंडळ देशभर आळीपाळीने सामने देतं. ते तिथे असताना तालुक्याला मोठा सामना मिळणार या भरवशावर कर्ज काढणं मला बरोबर वाटत नाही. रणजीचे साखळी सामने मिळू शकतात, पण त्यांना प्रेक्षक फारसे नसतात आणि तिकिटाचं उत्पन्न जवळजवळ शून्य.

स्टेडियमला कंपनीचं नाव देऊन पैसे उभे करता येतील का?

पुण्याजवळच्या गहुंज्याचं स्टेडियम बघा. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने ते बँकांच्या कर्जावर बांधलं. एका बड्या उद्योगसमूहाचं नाव लागलं, मग पैसे थकले, नाव उतरवलं. 2018 च्या सुरुवातीला थकीत कर्जापोटी बँकांनी स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. तिथे आयपीएल आणि आंतरराष्ट्रीय सामने झालेले होते, तरीही. जिनिंग फॅक्टरी किंवा ट्रॅक्टरचा शोरूम आपल्या मैदानाला फलकाचे पैसे जरूर देईल, पण ते वर्षाच्या रंगरंगोटीपुरते.

गाळे वाढवले तर?

हा सूर सगळीकडे लागतो. बसस्थानकाजवळ जागा असेल तर गाळे चालतातही. पण दोन गोष्टी पाहिल्या आहेत. गाळे आधी बांधून होतात, लिलावाची अनामत जमा होते, आणि मैदानाचं काम अर्धवट राहतं. दुसरं, भाडेवाढ करायला गेलं की वाद उभा राहतो आणि भाडं वर्षानुवर्षं तिथेच थांबतं, हप्ता मात्र थांबत नाही.

शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत), कबड्डी, भागवत सप्ताह, जाहीर सभा यांचं उत्पन्न धरलं का?

धरलंय, वरच्या 40 आणि 20 दिवसांत. शंकरपटाबद्दल विचारणारे पुष्कळ असतात, कारण गर्दी खरोखर प्रचंड होते. तळेगाव दशासरच्या शंकरपटाचं नाव सगळ्या विदर्भात आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचे राज्यांचे कायदे वैध ठरवल्यापासून उत्साह परत आला आहे. पण शंकरपट मोकळ्या दाणीवर, म्हणजे उघड्या धावपट्टीवर होतो, त्याला गॅलरी नको असते, आणि बैलजोड्या धावण्याच्या ट्रॅकवर आणायच्याही नसतात. कबड्डीची रात्रीची स्पर्धा तर शाळेच्या पटांगणावर मॅट टाकून, भाड्याच्या दिव्यांत रंगते. कापूस विकून हातात चार पैसे असतात तेव्हा, म्हणजे दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, वर्गणी जमते. बाकीचे महिने कोरडे. सहामाही हप्ता असेल तर त्यातला एक या कोरड्या महिन्यांत येणार, म्हणून किमान एका वर्षाच्या हप्त्याएवढी रक्कम राखीव ठेवावी लागते. ती रक्कमही कर्जातूनच काढली जाते आणि त्यावरही व्याज चढतं.

पोलीस भरतीच्या मुलांकडून महिन्याला 300 रुपये घेतले तर काय बिघडलं?

माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे.

वणीकडच्या किंवा चंद्रपूरकडच्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे साडेचारला जा. पोट्टे रस्त्याच्या कडेने धावताना दिसतील. एकाच्या हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्याने पांढरा शर्ट मुद्दाम घातलेला, ट्रकवाल्याला दिसावं म्हणून. शेजारून कोळशाचे ट्रक जातात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावायचं असतं, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. चारशे मीटरच्या साध्या मातीच्या ट्रॅकवर 1600 म्हणजे बरोबर चार फेऱ्या. ते मोजायलाही जागा नसते, म्हणून मैलाच्या दगडावरून अंदाज घेतात. मुलींची अडचण आणखी वेगळी. अंधारात रस्त्यावर पाठवायला घरचे तयार होत नाहीत, आणि कुंपण, दिवा, स्वच्छतागृह असलेली जागा गावात नसते.

यातली बरीच मुलं शेतमजुरांची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची. तालुक्याच्या मैदानाचा खरा उपयोग यांनाच आहे. पण महसुली रोख्याच्या करारात हीच मुलं 'उत्पन्नाचा स्रोत' होतात. उत्पन्न कमी पडलं की दर वाढवा असा तगादा लागतो, करारात दर वाढवण्याचं बंधनही असू शकतं. मग फाटकाला कुलूप लागतं, पासाची खिडकी उघडते, आणि ज्यांच्याकडे 300 रुपये नाहीत ते परत ट्रकच्या शेजारी. ज्या मैदानावर सगळ्यात जास्त हक्क पैसे नसलेल्यांचा आहे, ते मैदान पैसे भरणाऱ्यांच्या भरवशावर बांधू नये, असं माझं ठाम मत आहे.

भरतीच्या मुलांचे 10 लाख 80 हजार वरच्या गणितातून काढून टाका. निव्वळ उत्पन्न 35 लाखांवर येतं. पेलणारं कर्ज दोन कोटींच्याही खाली.

पैसे फिटले नाहीत तर कोण भरणार? पाणीपट्टी वाढेल का?

शुद्ध महसुली रोख्यात तोटा रोखेधारकाचा. पण असा रोखा आपल्या स्टेडियमसाठी कोणी घेणारच नाही. वरचं गणित गुंतवणूकदारालाही करता येतं. म्हणून वाटाघाटीत हळूच एक कलम येतं: स्टेडियमचं उत्पन्न कमी पडल्यास मालमत्ता कराचं किंवा पाणीपट्टीचं उत्पन्न एस्क्रोत वळवलं जाईल, किंवा राज्याकडून नगर परिषदेला मिळणाऱ्या अनुदानातून परस्पर कापून घेतलं जाईल. ते कलम आलं की "एका रुपयाचा बोजा नाही" हे आश्वासन संपलं. त्यानंतर मैदानाचा हप्ता आणि उन्हाळ्यातला टँकर एकाच पैशावर उभे असतात, आणि करारानुसार हप्ता आधी. पाणीपट्टी वाढेल का, सफाई कामगारांचे पगार लांबतील का, याचं उत्तर त्या कलमात आहे. म्हणून मसुद्याची पहिली पानं सोडा, ते कलम शोधा.

जमीन गहाण पडते का?

सहसा नाही. आपल्याकडे अशा कामासाठी नझूलची किंवा ई-क्लासची जमीन सुचवली जाते, आणि ती सरकारची असते. पण ई-क्लास म्हणजे गावाच्या ढोरांचं चरणं. ती एकदा स्टेडियमला गेली की गुराख्याने जायचं कुठे, हेही ठरावात लिहा.

बांधकामाचा खर्च अंदाजपत्रकातच राहील का?

काळ्या मातीवर तरी धरून चालू नका. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ट्रॅक किंवा गॅलरी टिकवायची तर माती खोलवर काढून मुरूम, गिट्टी भरावी लागते, पाण्याला वाट द्यावी लागते. हे काम जमिनीखाली गडप होतं, उद्घाटनाच्या फोटोत येत नाही, म्हणून काटकसर इथेच केली जाते. दोन पावसाळ्यांत ट्रॅक वर-खाली होतो. सिंथेटिक ट्रॅकचा वरचा थर तर साधारण दहा वर्षांनी बदलावाच लागतो. रोख्याची मुदत पंधरा वर्षं असेल, तर कर्ज फिटायच्या आधीच दुसरा मोठा खर्च दारात उभा.

गावातल्या लोकांना हे रोखे घेता येतील का?

जनतेसाठी खुले केले तर येतील, इंदूरमध्ये सामान्य गुंतवणूकदारांनी घेतले होते. पण इंदूरचा ताळेबंद आणि तालुक्याची नगर परिषद यांत मोठं अंतर आहे. गावाच्या अभिमानापोटी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम यात टाकू नका. मानांकन बघा, कुठलं उत्पन्न बांधलंय ते बघा.

दोन-चार नगर परिषदांनी मिळून रोखे काढले तर?

तामिळनाडूने 2002-03 मध्ये हा प्रयोग केला. छोट्या छोट्या स्थानिक संस्थांची गरज एकत्र करून सुमारे 30 कोटींचे रोखे काढले. हप्ता थकला तर राज्याकडून मिळणाऱ्या वाट्यातून वळता करण्याची तजवीज होती. कर्नाटकानेही 2005 मध्ये बंगळूरूभोवतालच्या गावांसाठी 100 कोटी उभे केले. दोन्ही ठिकाणी काम पाण्याचं आणि सांडपाण्याचं. आपल्या दारव्हा-दिग्रस-पुसद पट्ट्याने किंवा आर्वी-पुलगाव-हिंगणघाटने एकत्र येऊन पाण्यासाठी असं काही केलं तर मी आनंदाने पाठिंबा देईन. चार गावांचे चार तोट्यातले स्टेडियम एकत्र केल्याने मात्र नफा होत नाही.

मोठं स्टेडियम नसेल तर खेळाडू घडणार कसे?

विदर्भाने रणजी करंडक 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा जिंकला. उमेश यादव खापरखेड्याकडच्या खाणवस्तीतून आला. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे. तिथल्या चमूने 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. गॅलरीतल्या खुर्च्यांनी यातलं काही घडवलं नाही. सपाट मैदान, रोज येणारा प्रशिक्षक, खेळायला सामने आणि पोटभर खाणं लागतं. तालुका क्रीडा कार्यालयात प्रशिक्षकाची जागा भरलेली आहे का, हे आधी विचारा.

मग पैसा आणायचा कुठून?

क्रीडा हा राज्याचा विषय आहे आणि मैदानं ही नगरपालिकेची घटनेने सांगितलेली कामं. तेव्हा पहिला हक्क अनुदानावर. राज्याच्या तालुका क्रीडा संकुल योजनेत अनुदानाची मर्यादा 2022 मध्ये 1 कोटीवरून 5 कोटींवर गेली. जिल्हा वार्षिक योजना, आमदार निधी, खासदार निधी आहेत. कोळसा, सिमेंट आणि वीज कंपन्या आपल्या भागात आहेत. कंपनी कायद्याच्या सामाजिक दायित्वाच्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्टपणे दिलेलं आहे.

या पैशात कुंपण, 400 मीटरचा नीट भरलेला मातीचा ट्रॅक, कबड्डी-खोखोची मैदानं, पाण्याची टाकी, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह, चार खांबांवर दिवे आणि पाचशे माणसं बसतील अशा पायऱ्या होतात. बाकी टप्प्याटप्प्याने. कर्ज काढायचंच असेल तर फक्त गाळ्यांपुरतं, गाळ्यांच्या भाड्यावर, दीड-दोन कोटींच्या आत, आणि मैदानाचं फाटक त्या करारात कुठेही न आणता.

सर्वसाधारण सभेत ठराव येणार आहे. नगरसेवकाला काय विचारू?

उत्पन्नाचा अंदाज कोणी केला, आणि त्याला मोबदला रोखे निघाले तरच मिळणार आहे का? शेजारच्या तालुक्यातल्या संकुलाचं मागच्या तीन वर्षांचं प्रत्यक्ष उत्पन्न किती? उत्पन्न निम्मं आलं तर हप्ता कुठून? 20 टक्के स्वनिधी कुठल्या खात्यातून? सकाळी धावणाऱ्यांना फाटक मोफत उघडं राहील हे ठरावात लिहिणार का? उत्तर तोंडी मिळालं तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा. प्रकल्प अहवाल आणि मागचे लेखापरीक्षण अहवाल माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मागता येतात.

ठराव मंजूर झालाय. आता काही करता येतं का?

येतं. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय कर्ज निघत नाही, म्हणून नगरविकास विभागाकडे गणितासह लेखी हरकत पाठवा. महाराष्ट्र नगर परिषद अधिनियम, 1965 च्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांना नगर परिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी स्थगित करता येते. अर्जाला ठरावाची प्रत, उत्पन्नाचा अंदाज आणि पाणीपट्टी वळवण्याच्या कलमाची प्रत जोडा. पोच घ्यायला विसरू नका.